शाळेनंतरची तयारी (दिव्यांग विद्यार्थी, ग्रामीण विदर्भ)

दिव्यांग मुलगा किंवा मुलगी शाळा सुटल्यावर काय काम करेल, पैसा कसा सांभाळेल, एकट्यानं कुठवर जाऊन परत येईल, याची जी तयारी शाळेत असतानाच करून घेतात ती म्हणजे शाळेनंतरची तयारी. सरकारी कागदात हिला व्यवसायपूर्व प्रशिक्षण, पुनर्वसन, स्वावलंबन अशी बरीच नावं आहेत, विशेष शाळेतले सर लोक सरळ प्री-व्होकेशनल म्हणतात, आणि गावात हिला नावच नाही. गावात फक्त एक प्रश्न असतो, "आमच्या मागं याचं कसं?" आणि तो माय विचारते, बाप बहुतेक वेळा गप्पच असतो.

अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं ही तयारी शाळेचीच जबाबदारी करून टाकली, तिथं मूल १६ वर्षांचं व्हायच्या आत त्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात पुढं काय ते लिहावंच लागतं. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत, धंदेशिक्षणाच्या योजना सरकारनं काढाव्यात असंही म्हटलंय, पण तयारी कितव्या वर्षी सुरू करायची ते कुठं नाही, म्हणून ती मास्तरवर अवलंबून. मास्तर बरा भेटला तर पोरगं बाराव्या-तेराव्या वर्षापासून काही ना काही शिकतं, नाही भेटला तर अठराव्या वर्षी शाळा सुटते आणि ते ओसरीवर येऊन बसतं. दोन-तीन वर्षं ओसरीवर गेली की आंघोळ, दाढी, कपडे धुणं असं जे शाळेत शिकलेलं होतं तेही सुटायला लागतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांगांपैकी काम करणारे साधारण ३६ टक्केच निघाले, पुरुषांत ४७ आणि बायकांत २३.

विदर्भातली जुनी उदाहरणं

खरं म्हणजे दिव्यांग माणसाला काम शिकवून उभं करायची गोष्ट विदर्भाला नवी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन सुरू केलं आणि कुष्ठरोग्यांच्या हाताला विणकाम, सुतारकाम असे धंदे दिले. पुढं बाबा आमटेंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन उभं राहिलं आणि तिथं नंतर अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा झाल्या, दिव्यांगांना धंदा शिकवणारं संधिनिकेतन झालं. या दोन्ही जागी काम म्हणजे शेती, माग, सुतारी, म्हणजे जे लोकांना विकत पाहिजे होतं ते. आजच्या शाळांनी उचलण्यासारखी गोष्ट हीच होती, पण त्यांनी उचलल्या मेणबत्त्या.

शाळा आणि कर्मशाळा

विशेष शाळा बहुतेक जिल्ह्याला नाहीतर तालुक्याला, सोबत वसतिगृह. अठरा वर्षांनंतर ज्यांना जागा मिळते ते कर्मशाळेत, म्हणजे मोठ्या दिव्यांगांना धंदा शिकवणाऱ्या जागी, जातात, पण कर्मशाळा मोजक्याच. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जी दिव्यांग मुलं बसतात त्यांच्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक फिरतीवर येतात, एकाकडे कितीतरी शाळा, त्यात पावसाळ्यात रस्ता बंद, त्यामुळे त्यांच्या हातून लिहिणं-वाचणं आणि लेखनिकाचे फॉर्म एवढं झालं तरी खूप. दहावीला लेखनिक आणि जास्तीचा वेळ मिळतो, राहिलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरूनही बसता येतं. अंध, कर्णबधिर किंवा पायानं अधू असलेल्या हुशार पोरासाठी दहावी फार मोलाची, कारण ४ टक्क्यांतली कुठलीही जागा शिक्षणाची अट घेऊनच येते. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या बालगृहात वाढलेली एक अंध मुलगी २०२४ मध्ये एमपीएससीतून क्लार्क झाली, तिची बातमी घराघरात गेली. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या पोराला दहावीच्या मागं पळवत ठेवलं तर त्याची शिकायची वर्षं त्यातच जातात.

आता मेणबत्त्यांचं. कर्मशाळेत ठरलेला माल म्हणजे मेणबत्त्या, पणत्या, खडू, फाइली, कागदी पिशव्या, भेटकार्डं. दिवाळीला शहरात स्टॉल लागतो, लोक कौतुकानं घेतात, फोटो निघतात. मग पोरगं गावी परत येतं आणि गावात भेटकार्ड कोण घेतं? ज्या गावी ते जन्मभर राहणार तिथं त्या कामाचं गिऱ्हाईकच नसेल तर ते काम हाताला वळण लावायला ठीक, पोटासाठी नाही.

गावातलं काम आणि ते शिकवायची रीत

गावात काम काय आहे ते शिकवणाऱ्यानं आधी गावात हिंडून पाहायचं असतं. कापूस वेचणं, निंदण, ढोरं-बकऱ्या, दूध घालणं, पिठाची चक्की, किराणा दुकानात माल मोजून पुड्या बांधणं, डाळमिल, जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), पानठेला, सायकलचं पंक्चर. वरुड-मोर्शीकडे संत्रा, भंडारा-गोंदियाला धानाचा रोवणा म्हणजे लावणी, गडचिरोली आणि मेळघाटात मोह आणि तेंदू. यातलं कुठलं काम कुणाच्या घरी आहे, कुणाच्या मामाचं दुकान आहे, हे पाहून पोराचं काम ठरतं. अठराच्या आतल्या पोराला जिनिंगसारख्या धोक्याच्या जागी कामाला लावता येत नाही, तिथं फक्त नेऊन दाखवायचं.

शिकवताना एक काम बारीक बारीक पायऱ्यांत तोडतात. कापूस वेचणंच घ्या. आपल्याला ते एकच काम वाटतं, पण पूर्ण फुटलेलं बोंड ओळखणं, अर्धवट फुटलेलं सोडणं, कापूस ओढताना पाला येऊ न देणं, कमरेच्या ओटीत टाकणं, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करणं, तास म्हणजे ओळ न सोडता पुढं सरकणं आणि संध्याकाळी धुऱ्यावर (बांधावर) वजनकाट्याजवळ गाठोडं नेणं, इतक्या पायऱ्या आहेत. काही पोरांना पहिली पायरी आधी शिकवली तर ती कंटाळतात कारण काम पूर्ण झाल्याचं समाधान मिळतच नाही, म्हणून उलटं करतात, बाकी सगळं दुसऱ्यानं करायचं आणि शेवटचं गाठोडं काट्यावर ठेवायचं काम त्याचं, ते जमलं की त्याच्या आधीची पायरी, असं मागं मागं येत पऱ्हाटीच्या झाडापर्यंत. वेळ लागतो. एखाद्याचा पूर्ण हंगाम एका पायरीवर जातो.

मोजता न येणाऱ्याला मोजायचं काम देता येत नाही हाही गैरसमज. अंड्याच्या ट्रेमध्ये खड्डे असतात, सगळे भरले की ३० झाले, पोराला ३० हा आकडा माहीत असायची गरजच नाही. पापडाचं पॅकेट भरायचं तर पुठ्ठ्यावर २५ गोल काढून द्यायचे. संत्र्याची लहान-मोठी वेगळी करायची तर फळीला भोक पाडायचं, खाली पडलं ते लहान, अडकलं ते मोठं. विशेष शिक्षणात याला जिग म्हणतात, गावचा सुतार पाच मिनिटात करून देतो.

आणि मजुरी. वेचणीचा हिशोब किलोवर असतो, भोळ्या पोराचं वजन कमी लिहिणारे लोक सगळीकडे असतात, आणि घरचेही "त्याला काय समजते पैशाचं" म्हणून त्याचे पैसे स्वतःच घेतात. म्हणून आपल्या कामाचे पैसे आपल्याच हातात मागायचे हाही अभ्यासक्रमाचाच भाग धरला पाहिजे. काही ठिकाणी पोराला त्याच्या कमाईतून दर बाजाराला स्वतः काहीतरी विकत घ्यायला लावतात, भजे का असेना.

सिकलसेलची वेगळी अडचण

विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल भरपूर, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात मधूनमधून अंगात जोराच्या कळा उठतात. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ मध्ये २१ झाले आणि त्यात सिकलसेल आला. पण नोकरीतल्या ४ टक्क्यांची ज्या प्रकारांत वाटणी केली आहे त्यात रक्ताचे आजार नाहीत, म्हणजे सर्टिफिकेट मिळतं, राखीव जागा नाही, आणि हे पुष्कळ पालकांना फॉर्म भरायच्या वेळी कळतं. या पोरांची बुद्धी, हातपाय सगळं ठीक, दिसायलाही ठीक, म्हणून दुखणं उठलं की लोक कामचोर म्हणतात. भर उन्हातली मजुरी, रोवण्याच्या चिखलात दिवसभर ओलं राहणं, पाणी न पिता राबणं, यानं दुखणं उठू शकतं. त्यांच्यासाठी सावलीतलं काम बघायचं, शिलाई, मोबाइल रिपेरिंग, झेरॉक्स-ऑनलाइन सेंटर असं, आणि पाण्याची बाटली जवळ ठेवून मालकाला "मला मध्ये बसावं लागते" हे न लाजता सांगायची सवय लावायची. ही सवय शिलाईपेक्षा अवघड आहे.

काम सोडून बाकीचं

मालक पोराला काढून टाकतो तेव्हा कारण क्वचितच कामाचं असतं. उशिरा आला, न सांगता घरी गेला, गिऱ्हाइकाला हात लावला, दुपारी झोपला, रागात माल फेकला, अशी कारणं असतात. म्हणून घड्याळ, सुटी मागणं, अनोळखी माणसापासून किती अंतरावर उभं राहायचं, हे सगळं आधी.

मग एसटी. खेड्यातल्या माणसासाठी स्वतंत्र जगणं म्हणजे अर्धं एसटीच आहे. दिव्यांगाला भाड्यात ७५ टक्के सूट आहे, ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. पाटी वाचता येत नसेल तर गाडीची वेळ आणि फलाटावरची जागा ओळखायची, कंडक्टरला गावाचं नाव सांगून कार्ड दाखवायचं, गाडी चुकली तर कुणाला फोन लावायचा. आधी शिक्षक सोबत, मग दोन सीट मागं, मग पुढच्या थांब्यावर वाट पाहत. घरचे याला सगळ्यात जास्त घाबरतात आणि त्यांची भीती चूक नाही.

मुलींचं तर बाहेर निघणंच बंद होतं, पाळी सुरू झाली की शाळाच सुटते. १९९४ मध्ये पुण्यात सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींचे गर्भाशय काढल्याचं प्रकरण देशभर गाजलं, त्यामागचा विचार हाच होता की यांना पाळी सांभाळता येणार नाही. पॅड बदलणं शिकवता येतं, तेही पायऱ्या पाडूनच, बाहुलीवर, मग स्वतःच्या कपड्यावर. २०१६ च्या कायद्यानं संमतीशिवाय अशी शस्त्रक्रिया करायला मनाई केली आहे. नको त्या हाताला जोरात "नाही" म्हणायचं, ते मुलग्यांनाही शिकवायचं.

अठरा पूर्ण होताना

कागदं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र (दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असलं तर बहुतेक सवलती लागू), लहानपणचं सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर पुन्हा मेडिकल बोर्ड, त्यासाठी अमरावतीचे लोक सिव्हिलला जातात, ज्याला ते अजून इर्विनच म्हणतात. स्वतःच्या नावाचं बँक खातं. निराधारची मदत, जिला गावात "पगार" म्हणतात, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झाली. तिला उत्पन्नाची मर्यादा असल्यानं पोरगं कामाला लागलं तर पगार बंद होईल या भीतीनं काही घरं त्याला कामावर पाठवतच नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा देणार, महिन्याचा पक्का पैसा तोच. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते ग्रामसभेत उठून विचारावं लागतं. दुकान टाकायचं तर दिव्यांग वित्त महामंडळाचं कर्ज आहे.

एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. मूल अठराचं झालं की कायद्यानं आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. वाटणीचं वावर त्याच्या नावावर असेल तर हे आणखीच जरुरी, नाहीतर भाऊबंद सहीचा अंगठा कधी घेऊन जातील कळणार नाही. ज्याला स्वतःचं कळतं त्याच्यावर मात्र पालक बसवायची गरज नाही.

ज्यांना आईबापच नाहीत त्यांच्यासाठी बालगृह अठराला संपतं, नंतरची मदत २१ पर्यंत, फार तर दोन वर्षं वाढवून. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना स्वतःचं नाव दिलं, झाडं लावायला शिकवली, कितीतरी जणींची लग्नं लावली, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरानंतर या मुलांना बालगृहातून काढू नका, जन्मभर तिथंच राहू द्या, असा कायदा करा, ही त्यांची मागणी किती वर्षांपासूनची आहे.