लिंच सिंड्रोम: नावातून गळलेलं गर्भाशय

१८९५ साली मिशिगनमधल्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईने तिथल्या प्राध्यापकांना सांगितलं, आमच्या घरातली माणसं जठराच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गेली, गर्भाशयाच्या कर्करोगानेच. तिच्या घराण्याची हकिगत १९१३ मध्ये छापून आली, पण पुढची पन्नासेक वर्षं ती पडूनच राहिली. १९६६ मध्ये नेब्रास्कातल्या डॉ. हेन्री लिंच यांनी अशी आणखी घराणी मांडली. आतड्याच्या, गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा हा आनुवंशिक आजार म्हणजेच लिंच सिंड्रोम.

घोळ झाला तो १९८०च्या दशकात. 'हेरेडिटरी नॉन-पॉलिपोसिस कोलोरेक्टल कॅन्सर', म्हणजे 'पॉलिपोसिस नसलेला, आनुवंशिक, मोठ्या आतड्याचा कर्करोग' (एचएनपीसीसी), हे नाव या आजाराला रूढ झालं. आतड्यात शेकडो पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या गाठी) येणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारापासून हा वेगळा दाखवायचा, एवढाच 'नॉन-पॉलिपोसिस'चा हेतू होता. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, यात पॉलिप होतच नाहीत. होतात, मोजकेच होतात, पण लवकर बिघडतात. म्हणून तर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची.

दुसरी चूक मला जास्त जिव्हारी लागते. त्या नावात गर्भाशयाला जागाच नव्हती. १९९० साली ॲमस्टरडॅमला ठरलेले, हा आजार ओळखण्याचे निकष असे: कर्करोग झालेले तीन नातेवाईक, दोन पिढ्या, एकाचं निदान पन्नाशीच्या आत. मोजायचा तो फक्त आतड्याचा कर्करोग. आई आणि मावशी गर्भाशयाच्या कर्करोगाने गेलेली मुलगी या हिशेबात बसतच नव्हती. गर्भाशयाचा कर्करोग निकषांत आला १९९९ मध्ये. या आजारामागची एमएसएच२ आणि एमएलएच१ ही जनुकं तर १९९३-९४ मध्येच सापडली होती.

आता 'लिंच सिंड्रोम' हेच नाव चालतं, ते बरं झालं. तरी आपल्याकडे 'आजीची पिशवी काढली होती' एवढंच घरात माहीत असतं. ती का काढली, हे डॉक्टरांनी खोदून विचारायला हवं.

प्रतिबंधाचे पुरावे आतड्यासाठी भक्कम आहेत. फिनलंडमध्ये दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी झालेल्यांत, न झालेल्यांच्या तुलनेत, १५ वर्षांत आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला. लिंच सिंड्रोम असलेल्या ८६१ जणांच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनचा फायदा सुरुवातीला दिसलाच नाही. तो दिसला २०११ मध्ये, पाठपुरावा लांबल्यावर. २०२०च्या निष्कर्षांतही तो टिकला, पण आतड्यापुरताच; या आजारातल्या बाकीच्या कर्करोगांत ठळक फरक पडला नाही.

गर्भाशयासाठी मूल-बाळ झाल्यावर ते काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा पर्याय दिला जातो. २००६च्या अभ्यासात ती करून घेतलेल्या ६१ जणींपैकी एकीलाही गर्भाशयाचा कर्करोग झाला नाही. न केलेल्या २१० पैकी ६९ जणींना झाला.