रिपोर्टातला तपकिरी रंग

स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की नजर 'कॅन्सर' या शब्दावरच अडकते. त्याच कागदावर खाली ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ ही नावं असतात. ही गाठीतल्या पेशींमधली प्रथिनं. आजार पुढे कसा वागेल आणि कोणत्या औषधाला दाद देईल, याचा बराचसा अंदाज डॉक्टर त्यांवरूनच बांधतात.

ती दिसतात कशी? गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात, मुरवतात, मेणात बसवतात आणि केसाहून कितीतरी पातळ काप काढतात. त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी सोडतात. ती चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकीचं निळसर राहतं. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला पकडणारा ग्राही, पेशीच्या केंद्रकात दिसतो; पीआर हा तसाच प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा ग्राही. हर-टू, म्हणजे पेशीला वाढायचा इशारा देणारा ग्राही, पेशीच्या कडेनं, जाळीसारखा. शंभरात एक केंद्रक रंगलं तरी गाठ ईआर पॉझिटिव्ह धरतात.

बहुतेक गाठी ईआर पॉझिटिव्हच असतात. त्या इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात, म्हणून इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या कामी येतात. मात्र हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेली गाठ जास्त आक्रमक, पण ती उलटायची असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटते. 'पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं' इतकं सरळ गणित इथे नाही.

हर-टूची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन या अमेरिकी डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवलं, की हर-टूच्या जनुकाच्या जादा प्रती असलेल्या स्त्रियांमध्ये आजार लवकर उलटतो. तेव्हा ही वाईट बातमीच होती. १९९८ मध्ये त्याच प्रथिनाला धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं आणि रिपोर्टातल्या त्याच ओळीचा अर्थ बदलला: नेम धरायला जागा सापडली.

केआय-६७ किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते सांगतं. नावातला 'केआय' जर्मनीतल्या कील शहरावरून आला. हा आकडा दोन प्रयोगशाळांत वेगळा येऊ शकतो. ५ टक्क्यांपर्यंत किंवा ३० टक्के वा त्याहून जास्त असला तरच त्यावर भिस्त ठेवावी, मधल्या आकड्यावरून जीव टांगणीला लावू नये.

आणि एक बाब, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. यात उशीर किंवा घाई झाली तर कधी कधी असलेला ईआरही दिसत नाही, आणि ज्या गोळ्यांनी त्या स्त्रीला फायदा झाला असता त्या तिला मिळतच नाहीत. म्हणून संथ वाढणारी, सौम्य दिसणारी गाठ ईआर निगेटिव्ह आली, तर तपासणी पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.