ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस

ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्यातले, उद्यान म्हणून जतन केलेले ऐतिहासिक खेडे. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील कॉन्फेडरेट राज्यांचा सेनापती रॉबर्ट ई. ली याने ९ एप्रिल १८६५ रोजी येथे उत्तरेचा सेनापती युलिसिस एस. ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली. युद्ध संपले ते गाव, ही त्याची ख्याती मात्र जपून स्वीकारावी लागते.

रिचमंड–लिंचबर्ग या टपालगाडीच्या रस्त्यावरची ही जुनी वस्ती क्लोव्हर हिल या नावाने ओळखली जाई. १८१९ मध्ये बांधलेली क्लोव्हर हिल टॅव्हर्न ही खाणावळवजा धर्मशाळा येथील सर्वांत जुनी इमारत होय. १८४५ मध्ये ॲपोमॅटॉक्स काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) स्थापन होऊन गाव तिचे मुख्य ठाणे बनले व तेथील न्यायकचेरीवरून (कोर्ट हाउस) त्याला आजचे नाव मिळाले. शरणागती कचेरीत झाली असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. विल्मर मॅक्लीन याच्या राहत्या घरातील बैठकीच्या खोलीत ती झाली.

ली व ग्रँट यांची भेट सुमारे दीड तास चालली. अटी उदार होत्या : सैनिकांनी शस्त्रे ठेवून घरी जावे, अधिकाऱ्यांनी कमरेची शस्त्रे व स्वतःचे घोडे न्यावेत, पुढे लीच्या विनंतीवरून साध्या सैनिकांनाही पेरणीसाठी स्वतःची जनावरे नेण्याची मुभा मिळाली. ग्रँटच्या पत्राची शाईची प्रत त्याचा लष्करी सचिव ईली पार्कर या सेनेका आदिवासी अधिकाऱ्याने लिहिली. उपाशी शत्रुसैन्याला २५,००० शिधे देण्यात आले. टॅव्हर्नमध्ये छापयंत्रे लावून मुक्ततेचे परवाने छापले गेले. ते सुमारे २८,००० सैनिकांना मिळाले. शस्त्रे खाली ठेवण्याचा औपचारिक समारंभ १२ एप्रिलला झाला.

युद्धसमाप्तीची तारीख वादग्रस्त आहे. फेब्रुवारी १८६५ पासून ली सरसेनापती होता, तरी त्याने शरण दिली ती फक्त आपल्या उत्तर व्हर्जिनिया सेनेची. दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसूनच झालेल्या भेटीत ग्रँटने इतर सेनांबाबत शब्द टाकण्यास सुचवले. कॉन्फेडरेट अध्यक्षांच्या सल्ल्याशिवाय ते करणार नाही, असे लीने सांगितले. संख्येने सर्वांत मोठी शरणागती, सुमारे ९०,००० सैनिकांची, २६ एप्रिलला उत्तर कॅरोलायनातील बेनेट यांच्या शेतघरात कॉन्फेडरेट सेनापती जॉन्स्टनने उत्तरेचा सेनापती शर्मन याच्यापुढे पत्करली. ४ मे रोजी अलाबामातील सिट्रोनेल येथे कॉन्फेडरेट सेनापती टेलर शरण आला. टेक्ससमधील पाल्मिटो रँच येथे तर १२–१३ मेलाही लढाई झाली. मिसिसिपी नदीपलीकडच्या कॉन्फेडरेट विभागाच्या शरणागतीच्या करारावर २ जूनला गॅल्व्हस्टन येथे सही झाली, कॉन्फेडरेट बाजूने लढणारा चेरोकी आदिवासी सेनानी स्टँड वॉटी २३ जूनला शरण आला आणि शेनन्डोआ ही कॉन्फेडरेट युद्धनौका ६ नोव्हेंबरला लिव्हरपूल बंदरात ब्रिटिशांच्या स्वाधीन झाली. कायद्याच्या दृष्टीने अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याच्या २ एप्रिल १८६६ व (टेक्सससाठी) २० ऑगस्ट १८६६ च्या घोषणा निर्णायक ठरतात. अपिलाच्या मुदतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तारखा प्रमाण धरल्या. मात्र ली हटल्यावर बाकीच्यांना लढण्यात अर्थ उरला नव्हता. त्यामुळे ॲपोमॅटॉक्सला शेवटाचा आरंभ मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

मॅक्लीनविषयीची आख्यायिकाही तपासून घ्यावी. १८६१ च्या पहिल्या मोठ्या लढाईत मनॅसस येथील त्याच्या शेताचा छावणी म्हणून वापर झाला व नंतर तो येथे आला, हे खरे आहे. पण ‘युद्ध माझ्या अंगणात सुरू झाले आणि माझ्या बैठकीत संपले’ हे उद्गार त्याचेच असल्याचा भक्कम पुरावा नाही. ली सफरचंदाच्या झाडाखाली शरण आला ही कथा तर ग्रँटनेच आत्मचरित्रात खोडून काढली आहे; तोपर्यंत त्या झाडाचे लाकूड आठवण म्हणून तुकड्या-तुकड्यांनी लोकांनी पळवले होते.

आज दिसणारे मॅक्लीनचे घर मूळ नव्हे, ही बाब पाहुण्याने आधीच जाणून घ्यावी. वॉशिंग्टनला नेऊन तेथे संग्रहालय थाटण्यासाठी १८९३ मध्ये ते उतरवले गेले. पैशाअभावी बेत फसला आणि विटा-लाकडांचा ढीग जागीच ऊनपावसात पडून राहिला. उतरवण्यापूर्वी केलेले तपशीलवार नकाशे व मोजमापे मात्र टिकली. त्यांच्या आणि १९४१ च्या उत्खननाच्या आधारे, दुसऱ्या महायुद्धामुळे लांबलेले काम पुरे होऊन ९ एप्रिल १९४९ रोजी घर खुले झाले. १९५० च्या समारंभात ग्रँट व ली यांच्या वंशजांनी मिळून फीत कापली. १८९२ मध्ये जळालेली कचेरीही नव्याने उभारली असून तेथे माहिती केंद्र आहे. नक्कल असूनही ही वास्तू विश्वसनीय वाटते, ती कागदोपत्री पुराव्याला धरून बांधल्यामुळे.

बैठकीतील लीचे संगमरवरी फळीचे व ग्रँटचे लहान लंबगोल टेबल या प्रतिकृती आहेत. अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सामान उचलले. ग्रँटचे टेबल उत्तरेचा सेनानी शेरिडन याने २० डॉलरला घेऊन आपल्या हाताखालचा सेनानी कस्टर याच्या पत्नीला भेट दिले. ते आता स्मिथसोनियन संस्थेत आहे. मॅक्लीनच्या मुलीची चिंध्यांची बाहुलीही एका अधिकाऱ्याने नेली होती. ती मात्र परत येऊन उद्यानाच्या संग्रहात आहे.

घराच्या मागे स्वयंपाकघर व गुलामांच्या खोल्या आहेत. त्या चुकवू नयेत. काउंटीतील निम्म्याहून अधिक लोक गुलामगिरीत होते. हॅना रेनॉल्ड्स ही गुलाम स्त्री ९ एप्रिलला तोफगोळ्याने जखमी होऊन तीन दिवसांनी वारली, एवढेच तिच्याविषयी मृत्युनोंदीतून कळते. गुलामगिरीविरुद्धच्या या लढ्यातील त्यागाबद्दल जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. मुंबईवरचा परिणाम निराळा : युद्धात अमेरिकी कापूस बंद पडल्याने चढलेले कापसाचे भाव युद्ध थांबताच कोसळले आणि शेअरबाजारातील तेजीत उभ्या राहिलेल्या कंपन्या, त्यांत बॅक बे येथील समुद्रभरणीची कंपनीही, बुडाल्या.

उद्यानात प्रवेशमूल्य नाही. सुमारे ५ किमीवरचे ॲपोमॅटॉक्स हे रेल्वेचे गाव वेगळे. लीची रसद ८ एप्रिलला तेथेच कस्टरने पकडली होती.