जुनी झडप जाते कुठे?

छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून हृदयात नवी झडप बसवता येते, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. या प्रक्रियेला ‘टावी’ म्हणतात. फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी ती माणसावर पहिल्यांदा केली. पण मग जुनी झडप जाते कुठे?

कुठेच नाही. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जन ती कापून काढतात. इथे नवी झडप जाळीसकट फुलते आणि कॅल्शियम साचून कडक झालेल्या जुन्या पाकळ्या बाजूला रेटते. अडगळ काढली नाही, कोपऱ्यात सारली.

बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. पण त्याच कोपऱ्यात, जरा वर, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडं असतात. रेटलेली पाकळी तिथे झाकणासारखी बसली, की काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो. शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत हे घडतं. आधी बसवलेल्या कृत्रिम झडपेच्या आत दुसरी बसवताना मात्र धोका वाढतो. म्हणून आधीच सीटी स्कॅनवर मोजमाप होतं. धमनीचं तोंड झडपेच्या बुडापासून १०-१२ मिलिमीटरच्या आत असेल, तर डॉक्टर सावध होतात. काही वेळा त्या धमनीत तार आणि स्टेंट आधीच तयार ठेवतात.

दुसरी युक्ती मला फार आवडते. तिचं नाव बॅसिलिका. केसांहून काही पट जाड तार जुन्या पाकळीच्या बुडातून आरपार नेतात, तिच्यात वीज सोडतात आणि पाकळी उभी चिरतात. नवी झडप फुलली की ती चीर फाकते आणि रक्ताला वाट राहते. चिरताना नळीतून सलाईन नाही, साखरेचं पाणी सोडतात. मिठाच्या पाण्यातून वीज इकडेतिकडे पळते, साखरेच्या पाण्यातून नाही!

क्वचित नवी झडपच निसटून महारोहिणीत, म्हणजे हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत, जाते. तेव्हा पहिला नियम: ज्या तारेवरून झडप आत नेली, ती तार काढायची नाही. तारेवर आहे तोवर झडप उलटत नाही. उलटली तर रक्ताची वाटच अडेल. मग ती ओढून महारोहिणीत सुरक्षित जागी पक्की करतात आणि मूळ जागी दुसरी बसवतात. पहिली तिथेच राहते, आयुष्यभर, काहीही काम न करता.