मे महिन्यात टेकडी कूलर बंद करून बसते

मुंबईचा भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला आला होता, त्याला म्हटलं चल सकाळी सेमिनरी हिल्सला जाऊ, गावातल्या गावात जंगल आहे. सहा वाजता फुटाळा तलावाच्या बाजूनं वर चढलो. हा थोडा वेळ गप्पच, मग म्हणे, "मामा, हे जंगल मेलंय का?"

त्याचं चूक नव्हतं. मे महिन्याचा मध्य, साग खराट्यासारखे उभे, पायाखाली पापडासारखा वाजणारा पाला आणि साडेसातलाच मानेवर ऊन चटका देत होतं. त्याला वाटलं होतं झाडं आहेत म्हणजे थंड असेल. पण आपल्याकडच्या टेकडीचा हिशोब उलटा असतो, आणि तो समजून घ्यायचा तर आधी कूलर समजून घ्यावा लागतो बघा.

कूलरमध्ये विशेष काय असतं, ताट्या ओल्या करायच्या आणि त्यातून हवा ओढायची. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी हवेतूनच उचलतं, म्हणून हवा गार. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता गेली समजा. बाहेर ४५ डिग्री आणि हवेत ओल १५ टक्के असेल तर थर्मामीटरला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला की तो २४ च्या आसपास येतो. हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ गेलं होतं तेव्हाही कूलरनंच तारलं लोकांना. आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिक करतो, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं, नवीन वाफेला जागाच नाही, मुंबईत तर बाराही महिने जवळपास हीच गत, त्यामुळे भाच्याला हे यंत्र म्हणजे जादूच वाटत होतं.

झाडसुद्धा कूलरच आहे. पानाच्या खालच्या अंगाला बारीक बारीक भोकं असतात, पर्णरंध्रं म्हणतात त्यांना, त्यातून मुळांनी ओढलेलं पाणी वाफ होऊन जातं, पान गार राहतं आणि आजूबाजूची हवापण. पण टप रिकामा असला तर? आपण नळाखाली बादली लावतो, झाडाला ती सोय नाही. नागपूरचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, त्यानंतर आठ महिने त्याच शिल्लकीवर काढायचे. म्हणून साग काय करतो, देठाच्या बुडाशी पेशींचा एक कच्चा थर तयार करतो, तिथून पान सुटतं आणि जखमेवर बुचासारखं झाकण बसतं. एका फांदीवर ते वण दाखवले भाच्याला, बोटानं चाचपले तर अगदी खपलीसारखे लागतात. म्हणजे ज्या महिन्यात आपल्याला गारव्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच महिन्यात अर्धी टेकडी कूलरचं बटन बंद करून बसलेली असते. कशी गार लागणार!

आता गंमत पुढंच आहे. थोडं वर गेल्यावर पळस दिसला, आणि त्याला नवी कोरी पानं, मऊ, लव असलेली. पळसाला पानं तीनच हे भाच्याला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं मोजून खात्री केली. पण जूनच्या पावसाला अजून महिनाभर वेळ, जमीन तडकलेली, मग हे पाणी आलं कुठून?

एक तर पानं गळाली की खर्च थांबतो, पण मुळं थोडंथोडं ओढतच राहतात, त्यामुळे खोड आतून परत भरत जातं. मोईसारखी मऊ लाकडाची झाडं तर खोडातच पाणी साठवतात. दुसरं म्हणजे खाली काय आहे ते. ही टेकडी म्हणजे काळा कातळ, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, जो पश्चिमेकडे थेट सह्याद्रीपर्यंत पसरलाय आणि पूर्वेकडे आपल्या नागपुरातच संपतो. लाव्हा एकदम नाही आला, थरावर थर आला, मध्ये बराच काळ शांतता, तेवढ्यात तळी झाली, त्यात गोगलगायी राहिल्या, मग परत लाव्हा. त्या गोगलगायींचे दगड झालेले शंख इथून जवळच टाकळीला सापडले, हिस्लॉप आणि हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूरच्या खडकांवर १८५५ मध्ये लेख छापला होता, त्यातल्या हिस्लॉपचंच नाव आपल्या कॉलेजला आहे (आमच्या घरातले तिघं तिथं शिकले, एकालाही हे माहीत नव्हतं). तर अशा कातळाला फटी फार, आणि थरांच्या मध्ये चिकणमाती, पाणी फटीतून झिरपतं आणि मातीवर अडतं. ज्या झाडाचं मूळ त्या फटीत उतरलं ते पावसाची वाट बघत नाही, पालवी आधीच काढून ठेवतं, म्हणजे पहिल्या सरीपासून काम सुरू, शिवाय पाने खाणाऱ्या अळ्यांची गर्दी होते पावसात, तोपर्यंत पान निबर झालेलं असतं. साग मात्र सावध गडी, तो बहुतेक पावसाचा अंदाज घेऊनच निघतो.

मधेच एका ठिकाणी कोणीतरी पाला पेटवून दिलेला, अजून धुमसत होता. फार राग येतो हो. तो पाला म्हणजे जमिनीवर टाकलेलं गोणपाट आहे, उरलीसुरली ओल तोच धरून ठेवतो.

घरी आल्यावर भाचा म्हणे मामा, झाड पाणी सोडतं हे सिद्ध करा. अंगणातला कडुनिंब मार्चमध्येच नवी पानं काढून मोकळा झालेला असतो, मे महिन्यात हिरवागार. त्याच्या एका पानभरल्या फांदीला प्लास्टिकची पारदर्शक पिशवी घट्ट बांधली आणि बाजूच्या वाळक्या काडीला दुसरी. पन्हं पिऊन, गमछा बांधून तासाभरानं परत बघितलं तर पहिली पिशवी आतून घामेजलेली. दुपारपर्यंत कोपऱ्यात दोनेक चमचे पाणी जमलं, वाळक्या काडीची पिशवी कोरडी ठणठणीत. भाच्यानं पिशवी अलगद सोडली, ते पाणी नेऊन कूलरच्या टपात ओतलं आणि म्हणतो, "मामा, आता पाइप लावायची गरज नाही."