फीडर का उडाला? रिलेला विचारा

जूनच्या तोंडावर रावेर-यावल पट्ट्यात वादळ झालं की केळीच्या बागा आडव्या होतात आणि लाइट जाते. मग व्हॉट्सॲपवर सुरू होतं, "सबस्टेशनवाल्यांनीच मुद्दाम काढली भो!" आरोप खरा की खोटा हे सांगणारा साक्षीदार त्याच सबस्टेशनच्या पॅनेलवर बसलेला असतो. तो म्हणजे न्यूमरिकल रिले: फीडरवर, म्हणजे गावांकडे वीज नेणाऱ्या लाइनवर, शॉर्टसर्किटसारखा दोष दिसला की ब्रेकरला, म्हणजे मोठ्या स्विचला, उघडायचा (ट्रिपचा) हुकूम देणारी संगणकी पेटी.

जुन्या रिलेत चकती फिरायची, फ्लॅग पडायचा आणि ऑपरेटर लॉगबुकात एक ओळ लिहायचा. नवा रिले सतत मोजत असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक सायकल 20 मिलिसेकंदांची. सायकलमागे 32 नमुने धरले, तर सेकंदाला 1600 वेळा मोजणी होते. तीन फेजचे आणि न्यूट्रलचा असे चार प्रवाह, वर तीन व्होल्टेज. सेकंदाला 11,200 आकडे झाले.

एवढे आकडे कायमचे ठेवायला जागा कुठून आणायची? आणि ट्रिप झाल्यावर लिहायला बसलं, तर ट्रिपच्या आधीचं कसं कळणार? इथली युक्ती मला फार आवडते. रहाटगाडगं आठवा. पोहरे भरून वर येतात, रिकामे होतात, पुन्हा खाली जातात. रिलेची स्मृती तशीच गोल फिरते. नवा नमुना सर्वांत जुन्याच्या जागी बसतो. दोष दिसला की रिले आणखी काही सायकली भरून घेतो आणि तेवढी माळ उचलून बाजूला ठेवतो. 15 सायकलींची नोंद आणि त्यातल्या 4 दोषाआधीच्या, असं सेटिंग केलं तर हाती 300 मिलिसेकंदांचा तुकडा येतो. पहिले 80 मिलिसेकंद वादळातही शांत चाललेल्या फीडरचे असतात, मग तीनपैकी एका, समजा वाय फेजचा प्रवाह उसळतो, व्होल्टेज बसतं, न्यूट्रलमध्ये प्रवाह दिसतो, ट्रिपचा हुकूम सुटतो आणि ब्रेकर उघडतो. हाताने फीडर बंद केला असेल तर ही उसळी नसते. रिले वेळेसकट ठेवतो त्या घटनांच्या यादीत ट्रिपशिवाय उघडलेला ब्रेकर दिसतो.

पण माळ कधी उचलायची, हे रिलेला आपणच सांगावं लागतं. ट्रिगर, म्हणजे नोंदीचा इशारा, पिकअपवर (प्रवाहाने ठरलेली मर्यादा ओलांडताच) ठेवला, तर वादळात फांदी तारेला घासली तरी नोंद होते. थोड्याच वेळात जागा भरते आणि हवी असलेली नोंद पुसली जाते. ट्रिपवर ठेवला, तर न ट्रिपलेले दोष निसटतात. ग्रामीण 11 केव्ही फीडरला मी ट्रिपवरच ठेवतो. बाकी घटनांची यादी सांभाळते.

नोंद बाहेर काढायला पोर्ट लागतो. पुढचा लॅपटॉपसाठी, मागचा आरएस-485 (तारेवरून संवाद साधणारा) स्काडासाठी, म्हणजे दुरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेसाठी. वेग (सेकंदाला 9600 बिट), पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) आणि रिलेचा पत्ता दोन्ही टोकांना जुळले नाहीत तर संवाद शून्य. दोन रिलेंना एकच पत्ता दिला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोध हवेत. नाहीतर पाटाच्या भिंतीवर आपटून लाट मागे फिरावी तसा सिग्नल परततो. एवढं जुळलं की फाइल कॉमट्रेड या 1991 पासूनच्या सामाईक स्वरूपात काढावी, म्हणजे ती कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

राहिलं घड्याळ. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे महिन्याला सुमारे 52 सेकंद, आणि आपण बोलतोय मिलिसेकंदांत. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिका-कॅनडातल्या 5 कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा अनेक रेकॉर्डरांची घड्याळं जुळत नसल्याने घटनांचा क्रम लावणं तपासणाऱ्यांना जड गेलं. दसऱ्याला पॅनेलला हार घाला, नारळ फोडा, माझी हरकत नाही. पण पॅनेलवर टांगलेल्या लिंबू-मिरचीने घड्याळ जुळत नाही, आणि एआय येऊन जुळवेल असं सांगणाऱ्या विक्रेत्यालाही आधी वेळच लागते.

यावलकडच्या एका सबस्टेशनात लॉगबुक म्हणत होतं ट्रिप संध्याकाळी 7:10 ला, रिले म्हणत होता दुपारी 1:40 ला. ऑपरेटरला वाटलं, रिले बिघडला. रिले ठणठणीत होता. उपग्रहाकडून जागतिक वेळ येत होती, तीत साडेपाच तास मिळवायचं सेटिंग कुणी केलंच नव्हतं. मी ते भरलं, पडद्यावर वेळ बदलली. ऑपरेटरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि दोन मिनिटं पुढे केलं.