सेटजंप नेमकं काय जपून ठेवतं?

अर्धवट डाउनलोड झालेला पीएनजी फोटो उघडून पाहा. ॲप बंद पडत नाही, ‘फाइल खराब आहे’ एवढंच सांगतं. पीएनजी वाचण्यासाठी जी लिबपीएनजी लायब्ररी सर्रास वापरतात, ती सी भाषेत लिहिलेली आहे. एका फंक्शनने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावलेलं असतं आणि गडबड लक्षात येते ती अगदी तळाच्या फंक्शनात. तिथून मधल्या सगळ्यांना वगळून थेट वर उडी मारायची सीमधली सोय म्हणजे लाँगजंप हे फंक्शन. कुठे परतायचं, ती जागा सेटजंप या त्याच्या जोडीदार फंक्शनाने आधीच नोंदवून ठेवलेली असते. लुआ भाषेचा सीमधला इंटरप्रिटरही चुका याच वाटेने वर पाठवतो.

सेटजंप प्रोग्रामचा ‘फोटो’ काढतं आणि लाँगजंप त्या क्षणात परत नेतं, असं शिकवताना हमखास सांगितलं जातं. हे चूक आहे. ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर, लिनक्समध्ये, सेटजंप फक्त आठ आकडे लिहून ठेवतं: आरबीएक्स, आरबीपी, आर१२ ते आर१५ ही सहा रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या, एकेक आकडा ठेवायच्या जागा), स्टॅक (चालू फंक्शनांच्या माहितीची मेमरीतली चळत) कुठवर आला आहे ते सांगणारं आरएसपी, आणि परतीचा पत्ता. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे सगळे मिळून ६४ बाइट. मेमरीतल्या डेटाला हातही लावलेला नसतो. मधल्या फंक्शनाने मॅलॉकने (मेमरी मागून घ्यायच्या फंक्शनाने) घेतलेली जागा तशीच अडकून राहते, उघडलेली फाइल उघडीच राहते.

पण प्रोसेसरमध्ये साधी रजिस्टरंच सोळा आहेत. मग उरलेल्यांचं काय? मला या साऱ्यात सर्वांत देखणं वाटतं ते याचं उत्तर.

फंक्शनांमध्ये रजिस्टरांच्या वापराचा एक करार ठरलेला असतो. आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स यांसारखी नऊ रजिस्टरं बोलावलेल्या फंक्शनाने खुशाल बिघडवावीत. त्यांतलं काही हवं असेल तर बोलावणाऱ्याने ते आधीच मेमरीत ठेवायचं. उरलेली सात मात्र परतताना होती तशी परत द्यायची. आता सेटजंप हेही बाहेरून पाहता एक फंक्शनच. त्याला बोलावताना कंपायलरने (सी कोडचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रामने) ती नऊ रजिस्टरं गेली असंच धरलेलं असतं. ज्यांच्यावर कोणी विसंबलेलंच नाही, ती जपायची कशाला? म्हणून सात रजिस्टरं आणि एक पत्ता पुरतो.

लाँगजंप ते सात आकडे जागच्या जागी भरतं, आरएएक्समध्ये आपण दिलेली संख्या ठेवतं आणि नोंदवलेल्या पत्त्यावर उडी घेतं. प्रोग्रामच्या दृष्टीने सेटजंप दुसऱ्यांदा परतलेलं असतं: पहिल्यांदा ० घेऊन, या वेळी दुसरं काही घेऊन. लाँगजंपला ० दिला तरी १ मिळतो, नाहीतर पहिली आणि दुसरी खेप ओळखूच येणार नाही.

सापळाही याच करारात आहे. समजा, सेटजंपच्या आधी लोकल व्हेरिएबल ‘क्ष’मध्ये १ होता, नंतर त्याच फंक्शनात तो २ केला आणि पुढे खोलवरून लाँगजंप झाला. ‘क्ष’ मेमरीत असेल तर २ दिसेल. कंपायलरने तो आरबीएक्समध्ये ठेवला असेल, तर आरबीएक्सची जुनी किंमत परत भरली गेल्यामुळे १ दिसेल. म्हणून सीचं प्रमाणक अशा व्हेरिएबलची किंमत अनिश्चित मानतं. व्हेरिएबल जाहीर करताना ‘व्होलटाइल’ लिहिलं की ‘क्ष’ मेमरीतच राहतो.

यावर ‘ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याचं कंपायलरचं काम) बंद करा, चालेल’ असा सल्ला सगळीकडे फिरतो. तो गंडादोरा आहे. तेव्हा व्हेरिएबलं बहुधा मेमरीत राहतात म्हणून लक्षण झाकलं जातं, रोग तसाच राहतो. व्होलटाइलही सरसकट सगळीकडे लावू नये. सेटजंपनंतर बदलणाऱ्या आणि उडीनंतर लागणाऱ्या लोकल व्हेरिएबलांनाच ते हवं.

दुसरं एक पथ्य अजिबात मोडायचं नाही. ज्या फंक्शनात सेटजंप केलं ते परतून गेलं असेल, तर लाँगजंप करू नये. आरएसपी जुन्या जागेवर येईल खरा, पण स्टॅकच्या त्या जागेवर एव्हाना दुसऱ्याच फंक्शनांनी लिहिलेलं असेल.

परतीचा पत्ता असा मेमरीत पडून असतो, हे हल्लेखोरांनाही माहीत आहे. तो बदलता आला की प्रोग्राम हवा तिकडे वळवता येतो. म्हणून जीलिबसी, म्हणजे लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी सीची लायब्ररी, आरबीपी, आरएसपी आणि पत्ता उघडे ठेवत नाही. प्रोग्राम सुरू होताना निवडलेल्या एका गुप्त संख्येशी ती त्यांचा एक्सऑर करते (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), मग बिट १७ घरं डावीकडे फिरवते आणि लाँगजंपच्या वेळी हेच उलट करते.